शुक्राणू शून्य, स्टेम सेलचं इंजेक्शन घ्यावं का? (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी. वय 34, लग्नाला सहा वर्षं, राहायला राजारामपुरीत. पाच वर्षं सगळ्या तपासण्या बायकोच्याच झाल्या, माझी वीर्यतपासणी गेल्या दिवाळीनंतर. (लाजेपोटी मीच टाळलं.) दोनदा केली, दोन्ही वेळा शुक्राणू शून्य. एफएसएच (वृषणांना शुक्राणू बनवायला लावणारं हार्मोन) 24, म्हणजे जास्त, आणि वृषणं लहान. नळी तुंबलेली नाही, कारखानाच बंद दिसतोय, असं डॉक्टर म्हणाले.

आता एका ठिकाणी सांगतात, कमरेच्या हाडातला मगज काढून त्यातल्या स्टेम सेल वृषणात सोडू, तीन महिन्यांनी रिपोर्ट बघा. खर्च अडीच लाख. शुक्राणू तयार व्हायला साधारण 74 दिवस लागतात म्हणे, त्यामुळं तीन महिन्यांचं गणित पटतं. तिथंच गोची झालीय.

मी वाचलं त्यात शुक्राणू बनवणाऱ्या मूळ पेशी वृषणातल्याच, वेगळ्या असतात. 1994 साली अमेरिकेत शास्त्रज्ञ ब्रिन्स्टर यांच्या प्रयोगात एका उंदराच्या त्या दुसऱ्या उंदराच्या वृषणात सोडल्या आणि शुक्राणू बनले. 2011 ला जपानमधल्या क्योतोत भ्रूणाच्या मूळ पेशींपासून शुक्राणू बनवून उंदराची पिल्लंही झाली. पण हाडातल्या पेशी म्हणजे त्या नव्हेत ना? आणि उंदरांचं झालं, माणसाचं काय?

तालमीतला मित्र टेस्टोस्टेरॉनची (पुरुषी हार्मोनची) इंजेक्शनं घे म्हणतोय. आई अजून बायकोलाच उपास सांगते. कुणी हे करून घेतलंय का?

प्रतिसाद १ :
भाऊ, टेस्टोस्टेरॉन अजिबात नको! बाहेरून घेतलं की शुक्राणू बनणंच थांबतं, म्हणून तर पुरुषांच्या गर्भनिरोधकासाठी त्याच्यावर प्रयोग झालेत. मित्राला चहा पाजा आणि विषय बदला.

आधी कॅरिओटाइप (सगळ्या गुणसूत्रांची तपासणी) आणि वाय गुणसूत्राची तपासणी करून घ्या. त्यावर शुक्राणू बनायला लागणारा एझेडएफ नावाचा पट्टा असतो, त्याचे ए, बी, सी भाग. ए किंवा बी भाग पूर्ण गळालेला असेल तर शुक्राणू जवळपास कधीच सापडत नाहीत. फक्त सी गळाला असेल तर मायक्रो-टेसेत (सूक्ष्मदर्शकाखाली वृषणातून शुक्राणू शोधायची शस्त्रक्रिया) मिळू शकतात, आणि इक्सीला (शुक्राणू थेट स्त्रीबीजात टोचतात ती पद्धत) एका बीजाला एकच पुरतो.

मगजाच्या इंजेक्शनबद्दल तुमची शंका बरोबर आहे. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या नियमांत रक्ताचे आणि तत्सम काही आजार सोडले तर स्टेम सेल हा प्रयोगच धरलाय, आणि प्रयोगाचे पैसे पेशंटकडून घ्यायचे नसतात. त्यांच्याकडं सीटीआरआयचा (देशातल्या वैद्यकीय प्रयोगांच्या सरकारी नोंदवहीचा) नोंदणी क्रमांक मागा.

धागाकर्ता :
आभारी आहे. आजच फोन करून नंबर मागितला. ‘सर मीटिंगमध्ये आहेत’ म्हणाले. दुपारी त्यांचाच फोन आला, पावणेदोन लाखांत बसवू म्हणून. वाय गुणसूत्राच्या तपासणीला सोमवारी रक्त देतोय, रिपोर्ट आला की इथं टाकतो.