मदत हवी आहे: प्रभागांच्या नकाशावरील सुनावणीत आमच्या वस्तीची बाजू कशी मांडावी?

नमस्कार. कॅलिफोर्नियात सॅन होजेजवळच्या एका शहरात आम्ही चौदा वर्षे राहत आहोत. येथील सिटी कौन्सिलचे पाचही सदस्य आजवर सबंध शहराच्या मतांवर निवडून येत. या पद्धतीत अल्पसंख्य मतदारांना आपल्या पसंतीचा उमेदवार निवडून आणता येत नाही आणि त्यामुळे राज्याच्या मतदान हक्क कायद्याचा भंग होतो, अशी नोटीस एका वकिलाने पाठवली व कौन्सिलने ४५ दिवसांच्या मुदतीत प्रभाग पाडण्याचा ठराव केला. खटला लढवावा असे काहींचे मत होते. परंतु कॅलिफोर्नियातल्याच पामडेल शहराला असाच खटला हरल्यावर वादींच्या वकिलांचे ४५ लाख डॉलर द्यावे लागले, हे कळल्यावर तो सूर मावळला.

ठरावानंतरच्या ९० दिवसांतील, नकाशापूर्वीच्या दोन सुनावण्या होऊन गेल्या. तेव्हा आम्ही गेलो नाही, ही चूक आमचीच. आता मसुदा नकाशे आले आहेत आणि त्यांपैकी दोहोंत आमच्या अपार्टमेंटांच्या वस्तीचे मोठ्या रस्त्यावरून दोन तुकडे झाले आहेत. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मराठी, तेलुगू, पंजाबी भाडेकरू कुटुंबे आहेत, मुले एकाच प्राथमिक शाळेत जातात आणि भाडेवाढ व पार्किंग ही दुखणीही सामाईक आहेत.

माझा मुख्य प्रश्न असा, की समान हितसंबंध असलेली वस्ती शक्यतो एकाच प्रभागात ठेवावी असे कायदा सांगतो, पण सीमा आखताना वंश हाच प्रमुख निकष ठरला तर शॉ विरुद्ध रीनो या अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या १९९३ च्या निकालाची अडचण येते, असे एका मित्राचे म्हणणे आहे. तेव्हा निवेदनात ‘भारतीय’ हा शब्द घालावा, की शाळा आणि भाडेकरूंचे प्रश्न एवढ्यावरच थांबावे?

दुसरे म्हणजे, मी अजून ग्रीन कार्डाच्या रांगेत आहे. प्रभागांची लोकसंख्या समान ठेवताना जनगणनेतील सर्व माणसे मोजतात, केवळ मतदार नव्हेत, म्हणजे मीही त्या आकड्यात आहे. तरी निवेदन माझ्या सहीने द्यावे की नागरिक असलेल्या पत्नीच्या? तिची वेगळीच तक्रार आहे. माझ्या आईने पुण्यात २०१७ साली एका प्रभागातून चार नगरसेवकांसाठी मते दिली, आणि पत्नीला मात्र आता पाच जागांपैकी एकाच जागेसाठी, तेही चार वर्षांतून एकदा, मत देता येईल. काही प्रभागांत निवडणूक यंदा होईल, उरलेल्यांत दोन वर्षांनी; आमच्या प्रभागाची पाळी कधी, हे ठरवताना कौन्सिल रहिवाशांचे म्हणणे विचारात घेते का?

फ्रीमाँटमध्ये २०१८ साली आणि सनीव्हेलमध्ये २०२० साली प्रभागनिहाय पहिली निवडणूक झाली. तेथील सुनावण्यांत कोणी बोलले असल्यास, दोन मिनिटांत काय सांगितले आणि सोबत हाताने काढलेला नकाशा दिला होता का, हे कृपया कळवावे. पुढची सुनावणी येत्या मंगळवारी आहे.