बायकोसोबत बसने गेलो तेव्हा कळलं

घाटमाथा: मागच्या आठवड्यात बायको आणि ७ वर्षांच्या लेकीला घेऊन बसने गावी गेलो, एरवी मी एकटाच जातो. सकाळपासून दोघी पाणीच पीत नव्हत्या, दोनदा बाटली पुढे केली तर बायको म्हणे घरी गेल्यावर पिऊ. वाटेत एका स्टँडवर मी मुतारीत फुकट जाऊन आलो, यांच्याकडून मात्र पाच-पाच रुपये घेतले, वर आतून कडीच नाही म्हणून लेक आत आणि बायको बाहेरून दार धरून उभी. लग्नाला १० वर्षं झाली आणि मला हे माहीतच नव्हतं. हे रोजचंच असतं का?

सईची_आई: रोजचंच. माझी फिरतीची नोकरी, दुपारपर्यंत घोटभरच पाणी, दोनदा युरिन इन्फेक्शन झालंय. दादा लेकीला मात्र पाणी पाजत जा हो, ही सवय तिला नको लागायला.

दादरकर: मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी' (म्हणजे लघवीचा हक्क) चळवळ याचसाठी चालू आहे, पुरुषांची मुतारी फुकट मग बायकांना पैसे का. नाव ऐकून मी तेव्हा हसलो होतो, त्याची आता लाज वाटते.

घाटमाथा: ताई, खरंय. कडीसाठी लेखी तक्रार देतोय, बायकोच लिहितेय.