मदत हवी आहे: भाकरी थापली की पट्टा म्हणतो 'चालणे', जिना चढला की 'ताण'

मंडळी, इथे मशीन लर्निंगवाले आणि मानसशास्त्रवाले दोघंही वावरतात, म्हणून विचारतेय. पीएचडीचं दुसरं वर्ष, पुणे. मनगटी पट्ट्यातल्या सेन्सरवरून माणूस काय करतोय आणि त्याला ताण आलाय का, हे ओळखायचं आहे.

सुरुवात सगळ्यांसारखीच, यूसीआय या अमेरिकन विद्यापीठाच्या खुल्या संग्रहातल्या हालचालींच्या डेटासेटपासून. ३० जण, कमरेला फोन, सेकंदाला ५० नोंदी, २.५६ सेकंदांचा एकेक तुकडा, म्हणजे विंडो. चालणे, जिना चढणे, उतरणे, बसणे, उभे राहणे, आडवे पडणे, बस्स. झकास जमलं. मग त्याच सहा कृतींसाठी घरचे आणि सोसायटीतले ११ जण पकडून मनगटावरचा डेटा गोळा केला आणि गाडी घसरली.

आईने भाकऱ्या थापायला घेतल्या की मॉडेल ठामपणे 'चालणे' म्हणतं. आलेख बघितला तर हाताची लय खरंच चालीसारखी दिसते, त्यामुळे त्याला रागावताही येत नाही.

सगळ्या विंडो पत्त्यांसारख्या पिसून काही मॉडेलला शिकवायला (ट्रेन) आणि काही तपासायला (टेस्ट) घेतल्या तर अचूकता नव्वदीच्या पुढे. एक माणूस पूर्ण बाजूला ठेवून त्याच्यावर तपासलं तर साठीत. एका वरिष्ठांचा सल्ला: पेपरात पहिला आकडा घाल.

ताणाचं तर विचारूच नका, तो घाम आणि नाडीवरून ओळखायचा. २०१८च्या वेसाड (WESAD) या ताणाच्या डेटासेटमध्ये १५ जणांना प्रयोगशाळेत भाषण आणि तोंडी वजाबाकी करायला लावून ताण आणला होता. माझ्याकडे मे महिना आणि बंद पडलेली लिफ्ट. तिसऱ्या मजल्यावर पोचलेला प्रत्येक जण मॉडेलच्या मते तणावग्रस्त! आणि मूड १ ते ९ मध्ये सांगा म्हटलं की सगळ्यांचं उत्तर ५. सासूबाई म्हणाल्या, "बरंय गं, काय ते तूच मांड."

जाणकारांनी मार्ग दाखवावा.

प्रतिसाद, सिग्नलवाला:
ताई, पहिला आकडा अजिबात घालू नका. विंडो एकमेकींवर निम्म्या चढवल्या असतील ना? मग एकाच विंडोचा अर्धा तुकडा ट्रेनमध्ये आणि अर्धा टेस्टमध्ये जातो, म्हणजे पेपर फुटलेला. तुम्ही जिथून सुरुवात केलीत त्या डेटासेटवाल्यांनीही माणसंच वेगळी केली होती, २१ जण शिकवायला, ९ तपासायला. साठीतला आकडा खरा, तोच द्या.

भाकरीचं म्हणाल तर मिसळणाच्या डब्यात वाट्या सहाच ठेवल्यात, सातवा जिन्नस कुठेतरी सांडणारच. 'इतर' असा वर्ग करा आणि त्यात घरकाम भरपूर घाला. मनगट किती फिरतंय हे जायरोस्कोप सांगेल, ते वापरताय का?

घामासाठी: हालचाल जास्त असलेल्या विंडो ताणाच्या मॉडेलला दाखवूच नका. जिना संपल्यावरही काही मिनिटं सोडा, नाडी लगेच खाली येत नाही. शिवाय मनाचा घाम तळहातावर आणि बोटांवर जास्त स्पष्ट दिसतो. मनगटावर उकाडा त्यात मिसळतो.

प्रतिसाद, मानसशास्त्रवाली:
वरच्याला +१. पण माझ्या मते तुमची खरी अडचण लेबलांची आहे, म्हणजे कोणत्या नोंदीला 'ताण' म्हणायचं याची. मानसशास्त्रज्ञ रसेल यांनी १९८० साली भावना दोन अक्षांवर मांडल्या: सुखद-असुखद आणि शांत-उत्तेजित. त्वचेची वाहकता (घामामुळे वाढते ती) फार तर दुसऱ्या अक्षाबद्दल बोलते. मुलीच्या लग्नात अक्षता टाकताना आणि तोंडी परीक्षेला बाहेर थांबताना या वाहकतेत फारसा फरक दिसणार नाही. तेव्हा दोन प्रश्न वेगळे विचारा. आकड्यांऐवजी "गेल्या अर्ध्या तासात काय झालं?" असं विचारून बघा, आपल्याकडची माणसं मूड सांगत नाहीत पण हकिगत सांगतात. आणि प्रत्येकाचा शांत बसलेला डेटा आधी घ्या, तुलना त्याच्याशीच करा.

धागाकर्ती:
दोघांचेही आभार. जायरोस्कोप बॅटरी वाचवायला बंद ठेवला होता, आजच चालू करते. काल सासूबाईंना हकिगत विचारली, वीस मिनिटं रेकॉर्डिंग झालं. गॅसवाला, भाऊजी, गुडघा, सगळं आलं, वेळेसकट!

आता एकच मागणं. मांडी घालून किंवा उकिडवं बसणं, खाली बसून भाजी चिरणं, पाट्यावर वाटणं, असा डेटा कुणाकडे आहे का? नसेल तर दोन दिवस पट्टा बांधून घेणारे आजी-आजोबा चालतील. संमतीपत्र मराठीत तयार आहे, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.