उघड्या अलॉय रिमला प्राइमर: कोणता, कसा, आणि खाऱ्या पाण्याचं काय?

दर्यापूरकर:
कारच्या चार १४ इंची अलॉय रिम घरीच रंगवायच्या आहेत. टायर उतरवले, पेंट रिमूव्हरने जुना रंग काढला, आता नुसता धातू आहे. व्हॉल्व्हच्या भोकाजवळ आणि काठाला पांढरा खार धरलाय. गावात रेड ऑक्साइड मिळतो, बाकी प्राइमर अमरावतीहून आणावा लागेल. कोणता आणू? बोअरचं पाणी खारं आहे, त्यानं धुतलं तर चालेल का? आणि मे महिन्यात हे काम करावं का?

पेंटर_अकोट:
रेड ऑक्साइडचा विचार सोडा भाऊ, तो लोखंडाचा. अ‍ॅल्युमिनियमवर त्याची पकड बसत नाही, पहिल्याच खड्ड्यात पापुद्रे निघतात. एचिंग प्राइमर (दुकानात वॉश प्राइमर म्हणून मागा) किंवा टू-के इपॉक्सी (हार्डनर म्हणजे घट्ट करणारं दुसरं द्रव मिसळून वापरायचा), दोन्हीपैकी एकच घ्या. एचिंगमध्ये आम्ल असतं, त्यावर इपॉक्सी मारला तर तो नीट आवळत नाही. घरच्या कामाला मी इपॉक्सी सांगेन. चार रिमला हार्डनरसकट अर्धा लिटर माल पुरतो. मिश्रणाचं प्रमाण डब्यावर असेल तेच, अंदाजानं नाही.

आधी पेंट रिमूव्हरचा मेणचट थर काढा. हा थर डोळ्यांना दिसत नाही, पण स्पोकच्या कोपऱ्यांत हमखास राहतो. थिनर लावलेल्या स्वच्छ कापडानं पुसा, मग साबणाच्या पाण्यानं धुवा. त्यानंतरच घासायला घ्या. उलट केलं तर पॉलिश पेपर तेच मेण ओरखड्यांत भरत जातो. पांढरा खार १२० नंबरच्या पेपरनं पूर्ण काढा, काळा ठिपकाही ठेवू नका, नाहीतर रंगाखालून तो किड्यासारखा पसरत जातो. मग पूर्ण रिम २२० आणि ३२० नं घासा. चकाकी जाऊन सगळीकडे सारखा मंद राखाडी रंग दिसला पाहिजे. लोखंडी तारेचा ब्रश लावू नका, लोखंडाचे कण धातूत रुततात आणि तिथूनच गंज सुरू होतो. कॉस्टिक सोडा तर अजिबात नको, तो अ‍ॅल्युमिनियमच खातो.

शेतीवाला_मेकॅनिक:
पाण्याबद्दल. दर्यापूर म्हणजे खारपाणपट्टा, तिथं बोअरचं पाणी शेवटच्या धुण्याला वापरू नका. पाणी सुकतं, क्षार राहतात. प्राइमरखाली ते ओल ओढतात आणि पावसाळ्यात फोड येतात. पहिलं धुणं बोअरच्या पाण्यानं चालेल, पण शेवटी बॅटरीत टाकतो ते डिस्टिल्ड पाणी घ्या. एका रिमला एक लिटर, नव्या स्प्रे बाटलीतून. फवारणीचा पंप घेऊ नका, कितीही धुतला तरी औषधाचा तेलकटपणा राहतो.

याच वेळी एक परीक्षा घेऊन पाहजा. पाणी सपाट पसरून राहिलं तर धातू साफ. थेंब जमले किंवा पाणी फाटलं तर तिथं अजून तेल आहे, परत पुसा. मग कोरड्या, धागे न सोडणाऱ्या कापडानं टिपा आणि हात लावू नका. पेट्रोल, डिझेल, रॉकेलनं पुसू नका, मागं पातळ थर राहतो. घासल्यावर एक-दोन तासांत प्राइमर मारा, कारण उघड्या अ‍ॅल्युमिनियमवर नवा ऑक्साइड लगेच धरू लागतो.

पेंटर_अकोट:
मेमध्ये काम करता येतं, पण पहाटे. दुपारी ४५ डिग्रीला थिनर हवेतच उडतो, कोरडी भुकटी बसते, हाताला वाळूसारखी लागते. रिम रात्रभर सावलीत ठेवा, सहाला सुरुवात करून नऊच्या आत उरका, आणि उन्हाळ्याचा स्लो थिनर मागून घ्या. पातळ दोन हात, मधे साधारण १५ मिनिटं. पहिल्या हातात धातू थोडा दिसला तरी चालतो, झाकायच्या नादात ओघळ येतात. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर असेल तर टाकीतलं पाणी आधी सोडा आणि फिल्टर लावा. मास्क घाला, साधा रुमाल नाही.

शेतीवाला_मेकॅनिक:
झाकायच्या जागा राहिल्या. नट बसतात ते उतरते खड्डे आणि हबला टेकणारा मागचा भाग टेपनं पूर्ण बंद करा. तिथं रंगाचा थर दबून झिजतो आणि नट ढिले होतात. टायरची बीड (टायरचा आतला कडक काठ) बसते ती कडही मोकळी ठेवा, ट्यूबलेसमध्ये हवा तिथूनच सुटते.

दर्यापूरकर:
एका रिमला काठावर छोटे खड्डे आहेत. पुट्टी भरू का?

पेंटर_अकोट:
समोरच्या बाजूला असतील तर भरा, पण इपॉक्सी वाळल्यावर, त्याच्यावर. एचिंगवर थेट पुट्टी धरत नाही. थर कमीत कमी ठेवा, ३२० नं सपाट करा आणि तेवढ्या जागेवर परत प्राइमर मारा. बीडच्या कडेला खड्डे असतील तर पुट्टी अजिबात नको. काठाला चीर दिसली तर ती रिम रंगवू नका, बदला.