आजोबांची कबर सापडत नाही, आठ दिवसांची मुदत आहे. मदत हवी (सांगली)

घाटावरची
चर्चच्या मागच्या दफनभूमीत ख्रिसमसच्या आत पेव्हर ब्लॉक बसवायचं कमिटीनं ठरवलंय. ज्या कबरींवर नाव दिसत नाही त्या बेवारस धरणार. म्हणजे वर ब्लॉक, आणि पुढेमागे तिथंच दुसऱ्या कुणाला तरी माती. आम्हाला आठ दिवसांत जागा दाखवा म्हणून निरोप आला. रविवारी मी आणि भाऊ तीन तास फिरलो. आईला जी जागा आठवते तिथं नुसतं गवत आहे. आई ७४ वर्षांची, गुडघे गेलेत. २ नोव्हेंबरला तिला फुलं ठेवायला न्यायचं कबूल केलंय. कबर शोधतात कशी? कुणी शोधली असेल तर लवकर सांगा. प्रवचन नको.

मिरजवाला_६२
ताई, कुठल्या साली माती झाली? कबर पक्की होती की नुसता मातीचा उंचवटा? रजिस्टर बघितलं का? आणि एक विचारतो, रागावू नका. २ नोव्हेंबर कॅथलिक लोक पाळतात. आमच्या प्रोटेस्टंटांत ईस्टरच्या पहाटे दफनभूमीत उपासना होते, त्याच्या आदल्या दिवशी सगळे मिळून साफसफाई करतात. तुमचं चर्च नक्की कुठलं?

घाटावरची
त्यानं काय फरक पडतो? आजोबा प्रोटेस्टंट, मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. आई लग्नानंतर कॅथलिक झाली. कबर पक्की होती, शहाबादी फरशी आणि डोक्याशी दगड. १९६८. रजिस्टर पाळकसाहेबांनी दाखवलं, त्यात आजोबांचं नावच नाही.

वसईची_मावशी
बाळा, जागा सापडली नाही म्हणून प्रार्थना थांबत नाही. २ तारखेला त्यांच्या नावानं मिसा, म्हणजे चर्चमधली उपासना, सांगून ठेव. आमच्याकडे त्या दिवशी सगळी दफनभूमी मेणबत्त्यांनी उजळते. आईला सिमिटरीच्या फाटकाशी खुर्ची टाकून बसव, तिथूनच फुलं अर्पण करू दे.

मिरजवाला_६२
मावशी, तिनं जागा विचारलीय, मिसा नव्हे. आणि मृतांसाठी प्रार्थना करायची पद्धत आमच्या मंडळीत नाही.

वसईची_मावशी
लेक कॅथलिक आहे ना? तिनं बापासाठी प्रार्थना करायला कुणाची परवानगी लागते?

घाटावरची
कृपया हे इथं नको.

दगडावरची_अक्षरं
रजिस्टर कुठल्या सालापासून सुरू होतं ते बघा. तुमच्या भागातल्या प्रेस्बिटेरियन (प्रोटेस्टंटांमधला एक पंथ) मंडळ्या १९२४ पासून युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात होत्या. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात ते आणि इतर चर्च मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. तुम्हाला दाखवलेली वही त्यानंतरची असेल तर १९६८ चं नाव तिच्यात येणारच नाही. जुनी वही वेगळी असेल, जुन्या नावाची. वेस्ट्रीतल्या (चर्चमधल्या पाळकांच्या खोलीतल्या) कपाटात, लोखंडी पेटीत, बाप्तिस्म्याच्या वह्यांखाली बघायला सांगा. आणि मिळाली की फक्त आजोबांचं नाव वाचून वही मिटू नका. त्यांच्या आधीची पाच आणि नंतरची पाच नावं लिहून आणा. ओळी साधारण क्रमानंच भरत जातात, त्यामुळे शेजारी सापडला की माणूस सापडतो.

पाचगणी_पायवाट
छान विषय. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत मुंबई इलाख्यातल्या दफन नोंदींच्या प्रती आहेत, त्या जरूर पाहा. पाचगणी वसवणाऱ्या जॉन चेसन यांची कबर सेंट पीटर्स चर्चच्या आवारात आहे. पावसाळ्यानंतर गेलात तर शेवाळलेल्या दगडांवरची जुनी इंग्रजी अक्षरं हाताला लागतात.

दगडावरची_अक्षरं
त्या नोंदी मुख्यतः युरोपियन लोकांच्या. शिवाय सांगली पटवर्धनांचं संस्थान होतं, थेट इंग्रजांच्या इलाख्यात नव्हतं. आणि १९६८ सालच्या कंपाउंडरसाठी लंडन कशाला? कपाट चर्चमध्येच आहे.

नदीकाठचा_संजू
एक विचारू का? चर्च नदीकडच्या बाजूला आहे का? २०१९ ला पाणी आत आलं होतं?

घाटावरची
हो. २००५ लाही आलं होतं. २०१९ ला कंपाउंडची भिंत बुडाली होती, २०२१ ला पुन्हा. का?

नदीकाठचा_संजू
ताई, हे आधी सांगायला हवं होतं. कबर गेलेली नाही, ती खाली आहे. ऑगस्ट २०१९ नंतर आमच्या अंगणातून आम्ही गाळ ट्रॉलीनं काढला. घरातला गाळ लोक काढतात, दफनभूमीतला कोण काढतो? पाणी उतरलं की तो तिथंच वाळतो, वर गवत येतं, पुढच्या पुरात अजून एक थर. डोक्याचा दगड आडवा झाला असेल तर दोन-तीन पुरांत तो पुरता झाकतो. बोटाएवढ्या जाडीची सळई घ्या, टोक बोथट करा. हातानं सरळ दाबायची, हातोडा लावायचा नाही. गाळात ती सहज जाते, फरशीला लागली की टणक आवाज येतो. वीतभर अंतरानं टोचत चला आणि जिथं लागेल तिथं काडी रोवा. काड्यांची चौकट दिसायला लागते. आमच्या काकूची कबर अशीच मिळाली.

मिरजवाला_६२
संजूचं बरोबर आहे. भर घालतो: पाय पूर्वेला आणि डोकं पश्चिमेला ठेवायची रीत आहे, प्रभूच्या येण्याच्या दिशेला तोंड. म्हणून डोक्याचा दगड चौकटीच्या पश्चिम टोकाला शोधा. पडला असला तरी तिथंच असणार.

ग्रॅनाईटवाला_पंढरी
जुनं कशाला उकरता? काळा ग्रॅनाईट टाका, नाव मशीननं कोरून देतो, पन्नास वर्षं बघायला नको. जुना दगड मिळालाच तर बाथरूमचं ॲसिड ओता, पाच मिनिटांत चकाचक.

दगडावरची_अक्षरं
ॲसिड अजिबात नको! शहाबादी आणि संगमरवर दोन्ही चुन्याचे दगड. स्वयंपाकघरातल्या शहाबादीवर लिंबू सांडलं की पांढरा डाग पडतो, तो डाग म्हणजे दगड खाल्ला गेलेला असतो. ॲसिडनं मळाबरोबर अक्षरंही जातील. साधं पाणी, नारळाच्या काथ्याचा किंवा मऊ ब्रश, आणि सबुरी. तारेचा ब्रश नको. अक्षरं पुसट असतील तर अंधार पडल्यावर बॅटरी दगडाला चिकटवून बाजूनं प्रकाश टाका. दिवसा जे दिसत नाही ते सावलीत वाचता येतं.

ग्रॅनाईटवाला_पंढरी
आमचा वीस वर्षांचा धंदा आहे साहेब. गिऱ्हाइकाला चकाचकच लागतं.

वसईची_मावशी
ग्रॅनाईट उन्हात तापतो, त्यावर ठेवलेली फुलं तासात करपतात. माती आणि सदाफुली बरी.

घाटावरची
सगळ्यांना सांगते. जुनी वही मिळाली, कपाटात नाही, हार्मोनियमच्या पेटीखाली. संजूदादा, सळई सव्वा फुटावर लागली, आणि एकीला लागून एक अशा दोन चौकटी निघाल्या. एक लांब, एक जेमतेम तीन फुटांची. दोन्हींवर गाळ, वाचता काही येत नाही. कमिटीचे एक काका म्हणाले की कुठली तुमची ते सिद्ध करा.

दगडावरची_अक्षरं
वहीत आजोबांच्या पुढचं-मागचं नाव काय? वय लिहिलंय का?

घाटावरची
आजोबांच्या पुढचीच नोंद एका मुलीची आहे. वय दोन वर्षं, अकरा दिवसांनी.

मिरजवाला_६२
मग झालं की ताई. लहान चौकट त्या लेकराची. लांब तुमच्या आजोबांची. वहीच्या त्या पानाचा फोटो, चौकटींची मापं आणि भिंतीपासूनचं अंतर कागदावर मांडा, पाळकांची सही घ्या आणि कमिटीला लेखी द्या. तोंडी सांगितलेलं कामाच्या दिवशी कुणाला आठवत नाही. ब्लॉक बसवायचेच असतील तर दोन ओळींमधल्या वाटेवर बसवा म्हणून त्यातच लिहा.

घाटावरची
सही मिळाली. आईला फोनवर सांगितलं. ती बराच वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, त्या लहान मुलीच्या घरचं कुणी सांगलीत उरलं नसेल, तिच्यावरचाही गाळ काढा आणि कमिटीला तिचंही नाव द्या. कागद पुन्हा लिहून दोन्ही नावं टाकली.
शनिवारी सकाळी सातला गाळ काढणार आहोत. खुरपी आणि घमेली आहेत, माणसं कमी पडतात. संजूदादा, येताना तुमची सळई आणा, आमची वाकली.

नदीकाठचा_संजू
येतो. त्या ओळीत अजून किती चौकटी लागतात तेही टोचून बघू. काड्या जास्त घ्या.