मदत हवी आहे: पूररेषेतल्या घरात निवास-न्याहारी सुरू करावी का?

नमस्कार मंडळी. आमचं जुनं दुमजली घर चिपळूणच्या बाजारपेठेजवळ आहे. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी तळमजल्यावर छताला हातभर कमी इतकं चढलं होतं. जिन्याजवळच्या भिंतीवरची गाळाची रेघ आईने आजपर्यंत रंगवू दिलेली नाही.

आता वरच्या तीन खोल्या पर्यटकांना द्यायचा विचार आहे. परशुराम मंदिर, खाडीतल्या मगरी बघायला माणसं येतात, पण मुक्कामाला पुढे गुहागरला जातात. गावात चार पैसे राहावेत असं मनापासून वाटतं.

अडचण अशी की घर निळ्या पूररेषेच्या आत येतं. निळी रेषा म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे 100 वर्षांतला. पण आम्ही 2005 चाही पूर पाहिलाय, म्हणजे 16 वर्षांत दोनदा! त्यामुळे या हिशोबावर मन बसत नाही. रात्री पाणी शिरलं तर परक्या माणसांना, त्यांच्या लेकरांना कुठून बाहेर काढायचं?

कोल्हापूर, सांगली, महाडकडच्या कुणी अशा घरात व्यवसाय केलाय का? निळ्या रेषेत वापर बदलायला परवानगी मिळते का? मीटर आणि वायरिंग वर घेतलंत का? पुरात शौचालयाची टाकी उलटी भरू नये म्हणून काय केलंत? आणि जून ते सप्टेंबर सरळ बंदच ठेवावं का? आई म्हणते, बंदच ठेव. स्वतः केलेलं काही असेल तर कृपया सविस्तर सांगा.