मदत हवी आहे: शाळेच्या मातृभाषा दिनासाठी लेझीम मिळतील का?

नमस्कार मंडळी, आम्ही नेदरलँड्समधल्या अ‍ॅमस्टेलवीनला राहतो. लेक इथल्या आंतरराष्ट्रीय शाळेत चौथीत आहे. 21 फेब्रुवारीच्या मातृभाषा दिनानिमित्त शाळेत कार्यक्रम आहे आणि मराठीसाठी आम्हाला वीस मिनिटं मिळाली आहेत. ढाक्यात 1952 साली भाषेसाठी मुलांनी जीव दिला, त्यांच्या आठवणीचा हा दिवस. त्यामुळे नुसतं नटूनथटून फोटो काढावेत असं मला वाटत नाही.

लेकीला वर्गातल्या मुलांना लेझीम शिकवायची आहे. आजोबांनी पाठवलेली एकच आहे घरी, लाकडी दांड्याची. साखळीतल्या चकत्या खुळखुळल्या की शेजारची डच मुलगी धावत येते! आणखी आठ-दहा हव्यात. जवळपास कुणाकडे आहेत का? न्यायला-आणायला मी येईन, जपून परत करेन.

दुसरं, खाऊ. शाळेत शेंगदाणे, सुकामेवा, तीळ सगळं बंद, म्हणजे चिक्की, तिळगूळ, लाडू बाद. मला शंकरपाळेच सुचताहेत. बिनअंड्याचे, तीन-चार दिवस खुसखुशीत राहतील असं कुणाचं खात्रीचं प्रमाण असेल तर कृपया द्या. माझे दरवेळी दुसऱ्या दिवशी मऊ पडतात, मोहन कमी पडतं की काय?